ती पिकअप, तो पिकअप

मराठीत 'पिकअप' हा शब्द दोन लिंगांत चालतो. मागे उघडा हौदा असलेली छोटी मालगाडी म्हणजे ती पिकअप. आणि पायाखाली ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी ज्या दमाने पुढे झेपावते, तो पिकअप. इंग्रजीत या दुसऱ्या अर्थाला आज कोपऱ्यात जागा आहे. आपल्याकडे तो रस्त्यावरचा मुख्य शब्द आहे. पंजाबातल्या ढाब्यावर, तमिळनाडूतल्या गॅरेजात, कोकणातल्या नाक्यावर, कुठेही 'पिकअप नाही' म्हटलं की समोरचा माणूस बॉनेट उघडायला लागतो. अनुवादाशिवाय देशभर समजणारे जे मोजके शब्द आहेत, त्यात हा एक. अनुवाद करून पोट भरणाऱ्या बाईला अशा शब्दांचा थोडा हेवा वाटतो.

माझ्या मामेभावाची तक्रार एका वाक्याची होती. "ताई, गाडयेक पिकअपच नाय." म्हणजे पिकअपलाच पिकअप नव्हता.

गाडी २००८ ची, महिंद्राची. घर देवगड तालुक्यात. पावसाळा सोडला तर वर्षभर गाडी काही ना काही वाहते: चिरे, सिमेंट, खत, काजूबी. पण वर्षाची खरी कमाई एप्रिल-मे या दोन महिन्यांची. हापूसच्या पेट्या भरायच्या, देवगड-निपाणी रस्त्याने फोंडा घाट चढायचा, राधानगरीवरून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून महामार्गाने पहाटेच्या आत पुण्याचं मार्केट यार्ड. आंब्याला घाई असते. पेटीच्या गवतात तो पिकत असतो, आणि पहाटे पोहोचलेल्या पेटीचा भाव दुपारी पोहोचलेल्या पेटीला मिळत नाही. त्या हंगामात गाडी घाटात दोनदा पहिल्या गियरवर आली. एकदा तर पाणी उकळून वळणावर तासभर उभी राहिली. त्या खेपेला बागायतदाराने भाड्यातून पैसे कापले. तो चुकला असं म्हणता येत नाही.

नवी गाडी घ्यायची तर पाच वर्षं महिन्याला एकोणीस-वीस हजारांचा हप्ता. वर्षाचे दोन लाख तीस हजारांच्या पुढे. कमाई मुख्यतः दोन महिन्यांची आणि हप्ता बारा महिन्यांचा, हे गणित घरात सगळ्यांनी करून पाहिलं होतं. मुलगी बारावीला होती. म्हणून प्रश्न असा पडला, की आहे त्याच गाडीची ताकद थोडक्या पैशांत वाढवता येईल का?

भाचा आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स करतो. त्याच्याकडे इंग्रजीतली एक यादी होती: जुन्या पिकअप ट्रकसाठी स्वस्तात करता येण्याजोगे बदल. "आत्या, ह्याचा मराठी करून दी," म्हणाला. मी यंत्रांच्या पुस्तिका भाषांतरित करते. तुलनात्मक साहित्याची पदवी कवितांसाठी घेतली होती, पण दरमहा पैसे येतात ते पंप, पंखे आणि पेरणी यंत्रांच्या पुस्तिकांतून. त्यामुळे ही यादी मला नवी भाषा वाटली नाही. थंड हवा ओढणारा इनटेक, जाड नळीचा एक्झॉस्ट, इंजिनच्या संगणकाची चिप, जास्त ठिणगी देणारे स्पार्क प्लग.

एकेक ओळ मराठीत आणताना लक्षात येत गेलं, की शब्द येताहेत, वस्तू येत नाहीये. ती यादी अमेरिकेतल्या पिकअपची होती. तिथे पिकअप म्हणजे बहुधा आठ सिलिंडरांचं, पाच लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन. आमच्या गाडीचं इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरांचं डिझेल. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल फवारताक्षणी पेट घेतं. २००८ च्या या गाडीचा पंप पूर्ण यांत्रिक, त्यामुळे चिप बसवायला संगणकच नाही. यादीतल्या चारपैकी दोन ओळींना आमच्या बॉनेटखाली जागाच नव्हती. उरलेल्या दोन हवेच्या होत्या: हवा आत येण्याची वाट आणि धूर बाहेर जाण्याची वाट. त्या मात्र आमच्या कामाच्या निघाल्या, यादीने सांगितलं होतं त्यापेक्षा फार वेगळ्या तऱ्हेने.

दुसरा प्रस्ताव देशी होता. महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, दोन हजारांत डिझेल वाढवून देतो, घाट तिसऱ्यावर चढेल. हे काम आपल्याकडे सर्रास चालतं. त्याला 'पंप वाढवणे' म्हणतात. पंपावर एक स्क्रू असतो. पूर्ण भारावर प्रत्येक फटक्याला जास्तीत जास्त किती डिझेल जाईल, ते तो ठरवतो. कारखान्यात तो बसवून सील करतात. सील तोडायचं, स्क्रू थोडा आत फिरवायचा, की गाडी त्याच संध्याकाळी वेगळी वाटते. त्यात फसवणूक नाही. ताकद खरोखरच वाढते.

का वाढते, ते समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल इंजिनात पायाखालचं पेडल हवेची वाट उघडतं-मिटतं. जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर दारच नसतं. इंजिन दर फेरीला मिळेल तेवढी हवा ओढतं आणि पेडल फक्त डिझेल कमी-जास्त करतं. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलोंच्या आसपास हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचं तर एक लिटर डिझेलला किमान दहा घनमीटर हवा, म्हणजे गावाकडच्या एखाद्या न्हाणीघरात मावेल तेवढी. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला याहून बरीच जास्त हवा हवी असते, कारण फवारा आणि हवा मिसळायला मिळणारा वेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा असतो. कंपनी सील लावते ती हीच शिल्लक हवा राखून. स्क्रू फिरवला की आपण ती शिल्लक खायला लागतो. ती संपली की पुढचं डिझेल जळत नाही, काजळी होतं. गाडीमागे काळा धूर दिसतो तो म्हणजे पैसे देऊन घेतलेलं आणि न जळलेलं डिझेल.

धुरापर्यंत गोष्ट थांबली तर एक वेळ चालेल. पण जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, आणि ती घाटात दहा-वीस मिनिटं सलग. पिस्टनचा माथा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. टर्बोचं चाक त्याच तापलेल्या धुराने फिरतं. हेड गॅस्केट दोन धातूंच्या मध्ये दाबून बसलेलं असतं. यातलं जे आधी दमेल ते आधी जातं. आमच्याच वाडीतल्या एका पिकअपचा पंप असा वाढवलेला होता. दुसऱ्या हंगामात पिस्टनला भोक पडलं आणि इंजिन उतरवायला लागलं. दोन हजारांच्या कामाचं बिल वर्षभराने साठ हजारांच्या पुढे गेलं.

शिवाय पासिंग. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट आहे, बीएस-४ गाड्यांना ५०. धूर किती दाट आहे, त्यातून किती प्रकाश अडतो, याचं ते माप. वाढवलेल्या पंपाची गाडी तिथे अडकते. मग पासिंगपुरता स्क्रू मागे घ्यायचा आणि नंतर पुन्हा पुढे करायचा, असा वार्षिक खेळ चालतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलात बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात तेच बजावलं. पण मामेभावाला कायद्यापेक्षा वाडीतलं ते भोक पडलेलं पिस्टन जास्त पटलं. त्याने ते हातात घेऊन पाहिलं होतं.

कणकवलीला एक म्हातारे मेस्त्री आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा मीही सुट्टीवर गावी होते, म्हणून बरोबर गेले. भाच्याने यादी वाचून दाखवली, पंप वाढवण्याची गोष्टही सांगितली. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आदी काय गेला ता बगूया, मगे काय घालूचा ता." आधी काय गेलं ते बघू, मग काय घालायचं ते. त्या दिवसाचं सगळं काम या एका वाक्यात होतं.

इतक्या वर्षांच्या गाडीचा दम एकाच जागी हरवत नाही. तो दहा ठिकाणी थोडा थोडा सांडलेला असतो, आणि रोज चालवणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, कारण त्याचा पाय रोज किंचित जास्त दाबायला शिकत गेलेला असतो.

त्यांनी पहिली गोष्ट फुकटची केली. भाच्याला सीटवर बसवून पेडल पूर्ण दाबायला लावलं आणि स्वतः पंपाच्या लिव्हरकडे बघत राहिले. पेडल तळाला टेकलं, पण लिव्हर शेवटच्या थांब्याला टेकली नव्हती. मधे चांगलं बोटभर अंतर. ॲक्सिलरेटरची केबल वर्षानुवर्षं ताणून सैल पडली होती, आणि पेडलखाली दोन रबरी मॅट एकावर एक होत्या. म्हणजे चालक शंभर टक्के मागत होता आणि पंपाला ऐंशीच ऐकू येत होतं. मेस्त्रींनी केबलचा नट फिरवला, वरची मॅट काढून बाहेर टाकली. पाच मिनिटांचं काम. मला तिथेच वाटलं, आता परत जायला हरकत नाही.

मग हवा. फिल्टर काढून त्यांनी जमिनीवर आपटला, तेव्हा चिऱ्याच्या लाल धुळीचा ढीगच पडला. आमचा माल वाहता वाहता गाडीनेही थोडी चिरेखाण आत घेतली होती. फिल्टर नवा घेतला, साडेचारशे रुपयांचा. टर्बोपासून इंजिनकडे जाणारा रबरी होज वरून धडधाकट दिसत होता. मेस्त्रींनी त्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि आत हवेचा दाब दिला. क्लिपच्या खालच्या बाजूने फेसाचे बुडबुडे आले. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधीच तिथून निसटत होती. हवा कमी, डिझेल तेवढंच. म्हणून घाटात येणारा तो हलका काळा धूर. गॅरेजवाला त्या धुरावर आणखी डिझेल ओतणार होता. नवा होज सातशेचा. डिझेल फिल्टर साडेतीनशेचा.

त्यानंतर त्यांनी तेल भरायचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं आणि भोकावर तळहात धरला. याला मेस्त्रींच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन बघणे' म्हणतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर जळलेला वायू खाली उतरतो आणि या भोकातून भकाभक बाहेर येतो. तो जोरात आला असता तर बाकी काही करण्यात अर्थ नव्हता. हाफ इंजिन करायला लागलं असतं, म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा सगळं नवं. वाफ आली ती मंद होती. मेस्त्रींनी हात पुसला. भावाने श्वास सोडला तो मला ऐकू आला. या एका तपासणीवर बाकी सगळा खर्च करायचा की नाही हे ठरणार होतं, आणि तिला एक रुपया लागला नव्हता.

टॅपेटच्या वेळी माझा उपयोग झाला. झडप आणि तिला दाबणाऱ्या रॉकरच्या मधे मिलिमीटरच्या काही दशांश भागांची फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. फट जास्त झाली तर झडप उशिरा उघडते आणि लवकर मिटते. कमी झाली तर पुरती मिटतच नाही, दाब गळतो आणि झडप जळते. मेस्त्रींकडे तेलाने काळी झालेली इंग्रजी पुस्तिका होती. मी त्यातला आकडा वाचला, त्यांनी पत्तीच्या गेजमधून पत्ती निवडली आणि फटीत सारली. आकडा मी वाचला खरा, पण बरोबर झालं हे त्यांना पत्ती ओढताना बोटाला लागणाऱ्या अडथळ्यावरून कळलं. मी पुस्तिकांत याला 'झडप-अंतर' लिहीत आले आहे. संपादकांना तो शब्द आवडतो. त्या दुपारी तो शब्द कोणीच वापरला नाही. 'टॅपेट टाइट', 'टॅपेट लूज', एवढ्यावर काम झालं. टॅपेट खरं तर त्या साखळीतल्या एका वेगळ्याच सुट्या भागाचं नाव आहे. पण कारागिरांनी ते नाव उचलून फटीला दिलं आणि देशभर चालवलं. पुस्तिकेतला शुद्ध शब्द आणि बोटातला चालता शब्द यांतला कोणता पुढच्या आवृत्तीत जावा, याचा निर्णय मी तिथेच केला.

त्याच पुस्तिकेत मला आणखी एक गंमत सापडली. इंजिन २५२३ सीसीचं. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. भारताने १९५६ मध्ये कायदा करून मेट्रिक मापं स्वीकारली, मग हे आकडे असे ओबडधोबड का? २५.४ ने भागून बघा: साडेतीन इंच आणि चार इंच. या इंजिनाचं घराणं ट्रॅक्टरचं आहे. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि इंग्लंडमधल्या डॉन्कास्टरला बनणारा बी-२७५ ट्रॅक्टर भारतात आणला. त्याच घराण्याची इंजिनं पुढे जीपमध्ये आणि मालगाड्यांत उतरली, त्यांच्या पोटात थेट डिझेल फवारण्याची सुधारित रचना आणि टर्बोही आले. इंच मात्र सुटले नाहीत. दशांश चिन्हामागे लपून राहिले. नांगर ओढण्यासाठी बेतलेल्या मापांचं हे इंजिन होतं, म्हणूनच ते कमी फेऱ्यांवर जोर लावतं. घाटाला हवा असतो तोच गुण. साठ-पासष्ट अश्वशक्ती हा आकडा शहरात किरकोळ वाटेल, पण वळणावर दुसऱ्या गियरमध्ये उपयोगी पडतो तो हा खालचा जोर.

पंप आणि नोझल कोल्हापूरला पाठवले. तिथे नोझल हाताच्या पंपावर लावून दोनशे बारच्या आसपास दाब देतात आणि फवारा बघतात. चांगल्या नोझलचं डिझेल धुक्यासारखं उडतं, आवाजही कुरकुरीत येतो. आमच्या चारपैकी दोघांची धार लागत होती, लहान पोराच्या शू सारखी. धारेचं डिझेल हवेत नीट मिसळत नाही, अर्धवट जळतं. टिपा बदलल्या, छत्तीसशे. पंप टेस्ट बेंचवर चढवला. तिथे काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं ते मोजतात. चारही नळ्यांची पातळी सारखी यायला हवी. आमच्या पंपाची एक नळी कमी भरत होती. पंप खोलून, सिलं बदलून, कंपनीच्या आकड्यावर बसवला आणि पुन्हा सील केला. साडेचार हजार. त्या दुकानात पंपाला अजून 'मायको'च म्हणतात. बंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. कारागिरांना त्याची दखल घ्यावीशी वाटलेली नाही.

शेवटी मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवून बघितली. मागचं डावं चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. ब्रेक लायनर ड्रमला घासत होता. गाडी किती महिने एक ब्रेक लावूनच चालत होती कोण जाणे. तो मोकळा केला, बाराशे. मजुरी दोन हजार. सगळं मिळून बारा हजार आठशे रुपये.

गाडी परत जोडून कसाल रस्त्याला एक फेरी मारून आल्यावर मेस्त्री म्हणाले, "मोकळी झाली." ताकद वाढली असं ते म्हणाले नाहीत. आपल्या गॅरेजांतला हा नेमका शब्द आहे, इंजिन मोकळं होणं. छाती भरलेली असावी आणि कफ सुटावा तसं. भाच्याच्या यादीतल्या 'अपग्रेड'ला मी दिवसभर मनात मराठी शब्द शोधत होते. वर्धन, उन्नयन, सुधारणा. जे काम प्रत्यक्षात झालं त्याला यातला एकही लागत नव्हता. वर काही चढवलं नव्हतं. कंपनीने दिलेलं आणि वर्षांनी थोडं थोडं खाल्लेलं तेवढं परत आलं होतं. माझ्या धंद्यातही हा फरक रोज समोर येतो. मूळ मजकूर फिका वाटला की अनुवादकाचा हात स्क्रूकडे जातो: दोन विशेषणं वाढवू, वाक्य झळाळून टाकू. पुष्कळदा मजकूर फिका नसतोच; मधे कुठेतरी होजची क्लिप सैल असते.

पहिल्या भरल्या खेपेला मामेभावाने रात्री घाटमाथ्यावरून फोन केला. सरळ टप्प्यांवर गाडी तिसऱ्यावर टिकली, वळणांवर दुसऱ्यावर. पहिला गियर लागला नाही. उष्णतेचा काटा मधेच राहिला. पण त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या खेपेला पेट्या कमी होत्या, पासष्ट. एरवी तो नव्वद भरायचा.

तेव्हा मी कागद घेऊन बसले. आंब्याची पेटी फळाच्या आकारावर कमी-जास्त, पण अठरा किलो धरू. नव्वद पेट्या म्हणजे सोळाशे वीस किलो. पासष्ट म्हणजे अकराशे सत्तर. रिकामी गाडी पावणेदोन टनांच्या आत-बाहेर. म्हणजे एकूण तीन हजार तीनशे किलोंऐवजी दोन हजार साडेआठशे. पाचशे मीटर उंची वीस मिनिटांत चढायची तर, घर्षण आणि बाकीचा तोटा सोडून, नुसत्या उंचीसाठी पहिल्या वजनाला अठरा अश्वशक्ती लागतात आणि दुसऱ्याला साडेपंधरा-सोळा. पंचवीस पेट्या खाली ठेवल्या की चढावरचं ओझं जवळपास सातव्या हिश्श्याने हलकं होतं. साठ-पासष्टच्या इंजिनात नऊ-दहा अश्वशक्ती घातल्यासारखं. एवढी ताकद बारा हजार आठशेत मिळत नाही आणि दोन हजारांच्या स्क्रूने मिळते ती पिस्टनच्या हिशेबात मोजावी लागते. इथे ती फुकट होती.

फुकट म्हणजे गाडीला. भावाला नाही. पेटीला ११० रुपये भाडं मिळतं. पंचवीस पेट्यांचे २७५० रुपये प्रत्येक खेपेला खाली राहतात. हंगामात पंचवीस खेपा धरल्या तर अडुसष्ट हजार साडेसातशे. एका ॲडमिशनचे पैसे. कागदावर गाडीची क्षमताही सव्वा टनाच्या आतच आहे आणि नव्वद पेट्या भरणं नियमात कधीच बसत नव्हतं. पण नियम सांगून मुलीची फी भरता येत नाही, हे त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मी फक्त दुसऱ्या बाजूचे आकडे त्याच कागदावर लिहिले. नव्या गाडीचा वर्षाचा हप्ता दोन लाख तीस हजारांच्या पुढे. मागच्या हंगामात कापलेलं भाडं. फुटलेले दोन टायर. पाटे वाढवून घेतले होते त्याचा खर्च. आणि घाट उतरतानाचा प्रश्न, ज्याबद्दल पिकअप वाढवायच्या गप्पांत कोणी बोलत नाही: परतीला सिमेंट भरून फोंडा घाट उतरताना वाढवलेली ताकद कामाला येत नाही, तिथे ब्रेक आणि वजन एवढेच दोघं उरतात.

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. काही बोलला नाही. आठ दिवसांनी भाच्याने हौद्याच्या आतल्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने एक आडवी रेघ मारली. एका थरात तेरा पेट्या बसतात. रेघ पाचव्या थराच्या वरची. तिच्यावर पेटी चढवायची नाही असं बापलेकांत ठरलं आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात माल एकदम येतो, बागायतदार हातापाया पडतात, भाडं दीडशेवर जातं. तेव्हा त्या रेघेची परीक्षा असते. गेल्या मेमध्ये ती टिकली. दोन खेपा सोडून.